चेस सफायर प्रिफर्ड: आईचं तिकीट पॉइंटवर काढलं

न्यू जर्सीत राहून दरवर्षी आईला इकडे आणायचं म्हणजे खर्च केवढा ते इथल्या लोकांना सांगायला नको, म्हणून चेस बँकेचं हे क्रेडिट कार्ड घेतलं. वर्षाची फी 95 डॉलर, पण मी घेतलं तेव्हा तीन महिन्यांत 4000 डॉलर खर्च केले की 60,000 पॉइंट मिळत होते. उगाच काही खरेदी केली नाही, गाडीचा सहा महिन्यांचा इन्शुरन्स, किराणा आणि मुलाच्या डेंटिस्टचं बिल यातच आकडा गाठला. पॉइंट युनायटेडला किंवा एरोप्लान या एअर कॅनडाच्या मायलेज प्रोग्रॅमला 1:1 (एका पॉइंटला एक) जातात, आणि एरोप्लान त्यातून काढलेल्या एअर इंडियाच्या तिकिटावर फ्युएल सरचार्ज लावत नाही, फक्त टॅक्स आणि 39 कॅनडियन डॉलर फी, हा फार मोठा फायदा आहे!

एक मात्र नीट ऐका. एकदा ट्रान्सफर केलेले पॉइंट परत येत नाहीत. मागे एका दुसऱ्या एअरलाइनच्या साइटवर सीट दिसली म्हणून घाईघाईत पॉइंट पाठवले, पेजवर परत गेले तर सीट गायब, तो मनस्ताप अजून आठवतो. आता आधी फोन करून सीट खरंच आहे का ते विचारते, मगच पाठवते.

आणि 24 महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच नवी कार्डं घेतली असतील तर चेस सहसा नाहीच म्हणते, त्यामुळे हे कार्ड आधी घ्या, बाकीची नंतर. बिल दर महिन्याला पूर्ण भरणार असाल तरच हं, व्याजात सगळं जातं.