डॅनिश ‘द किलिंग’: चाळीस भाग पाहून झाल्यावरचा अनुभव

आधी एक खात्री करून घ्या, तुम्ही नक्की कोणती ‘द किलिंग’ लावली आहे? या नावाने शोधलं की बहुतेक वेळा अमेरिकन मालिका वर येते. पडद्यावर सिअ‍ॅटल शहर, मृत मुलीचं नाव रोझी आणि तपास अधिकारी लिंडन असेल तर ती बंद करा. हवी ती मालिका कोपनहेगनमध्ये घडते. मुलगी नाना बिर्क लार्सन, अधिकारी सारा लुंड. मूळ डॅनिश नावाचा अर्थ नुसता ‘गुन्हा’ असा आहे. डेन्मार्कच्या सरकारी वाहिनीने, म्हणजे डीआरने, ती २००७ मध्ये दाखवायला सुरुवात केली. लेखक सॉरेन स्वाइस्ट्रुप, लुंडच्या भूमिकेत सोफी ग्रोबल. पहिला सीझन २० भागांचा, दुसरा (२००९) आणि तिसरा (२०१२) प्रत्येकी १० भागांचा. एक भाग तासाला थोडा कमी, म्हणजे एकूण ३८ तासांच्या आसपास ऐवज आहे. आवाज डॅनिश ठेवा आणि सबटायटल्स लावा. डब केलेली आवृत्ती मिळाली तरी नको, कारण अर्धा अभिनय गप्प बसण्यात आणि अडखळण्यात आहे.

या मालिकेबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, याहून चांगली गुन्हेकथा टीव्हीवर झाली नाही. दुसरं, एकच खून वीस तास दळत बसले आहेत. दुसऱ्या मताच्या लोकांना मूर्खात काढायचं कारण नाही. तक्रारीत तथ्य आहे, पण पाहण्याची पद्धत चुकल्याने ती दुप्पट मोठी दिसते.

मालिकेचा एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. पहिल्या सीझनमध्ये वीस दिवस, सगळे नोव्हेंबरचे, सगळे ओले आणि काळोखे. दर एक-दोन भागांनी संशयाची सुई नव्या माणसाकडे वळते, पुरावा जुळत आल्यासारखा वाटतो आणि मग बारीकशी गोष्ट निघून सगळं कोसळतं. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्या डॅनिश प्रेक्षकाला हे सात दिवस चघळायला मिळत होतं. तुम्ही शनिवार-रविवारात आठ भाग उरकलेत, तर चौथ्या संशयिताच्या वेळी ‘हा पण नसणार’ हे कळून चुकतं आणि मग ताण उरतच नाही. साचा उघडा पडतो. बीबीसी फोरने २०११ मध्ये ब्रिटनमध्ये दर शनिवारी रात्री दोन भाग जोडून दाखवले. ते प्रमाण बरोबर आहे. एका बैठकीत दोन, आठवड्यात फार तर चार. दहाव्या भागानंतर सरळ पंधरा दिवस थांबा. डेन्मार्कमध्येही तिथेच खंड पडला होता. पहिले दहा भाग वसंताआधी संपले, उरलेले शरद ऋतूत आले, आणि मधला सगळा उन्हाळा लोक अंदाज बांधत बसले. पटकथेची घडणच त्या खंडाला धरून आहे.

तरीही काही वाटा फुकट लांबवल्या आहेत, हे मान्यच करावं लागतं. शाळेतल्या शिक्षकावरच्या संशयाचं प्रकरण जितकं चालतं त्यापेक्षा एक भाग आधी संपायला हवं होतं. नायिकेच्या घरच्या भानगडी, स्वीडनला जायचं ठरवून रोज रद्द करणं, जोडीदार बेंग्टचे फोन, मुलगा मार्कची नाराजी, या सातव्या-आठव्या भागापर्यंत त्याच त्या होऊन जातात. इथे मोबाइल हातात घेतलात तरी चालेल.

बिर्क लार्सनांच्या स्वयंपाकघरात मात्र मोबाइल बाजूला ठेवा. वडील थाइस (ब्यार्ने हेन्रिक्सन) सामान हलवण्याचा धंदा करणारे, आई पर्निल (आन एलिओनोरा योर्गेन्सन) त्याच धंद्याचे हिशोब बघणारी. पहिल्या भागाच्या शेवटी थाइस जिथे गाडी पाण्यातून काढली जाते तिथे पोचतो. फोन चालूच असतो. पर्निलला फक्त आवाज ऐकू येतो आणि त्यातूनच तिला कळतं. प्रेत दाखवून जे साधलं नसतं ते फोन कानाला लावलेल्या बाईच्या चेहऱ्यावर साधलं आहे. बाकी गुन्हेकथांत मृताचे आईवडील दोन प्रसंगांत रडून गायब होतात. इथे ते वीसच्या वीस दिवस आहेत. दफनाची तयारी, मुलांना काय सांगायचं, धंद्याची बिलं, घरातली तिची खोली. ‘संथ आहे’ म्हणणाऱ्यांनाही हा धागा सहसा नको झालेला नसतो, आणि ‘थोर आहे’ म्हणणारे बहुतेक याच धाग्याबद्दल बोलत असतात.

सर्वांत जास्त लोक गळतात ते राजकारणाच्या धाग्यात. त्यातही निम्मा दोष सबटायटल्सचा आहे. ट्रोल्स हार्टमनला (लार्स मिकेल्सन) एकीकडे ‘मेयर’ म्हणतात आणि दुसरीकडे तो मेयरपदाची निवडणूकही लढवत असतो, मग हे काय चाललंय? कोपनहेगनमध्ये एक मुख्य महापौर असतो आणि त्याखाली सहा खात्यांचे सहा महापौर. शिक्षण, समाजकल्याण अशी ती खाती. सभागृह ५५ जणांचं, आणि ही पदं पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटली जातात, त्यामुळे विरोधातल्या माणसाकडेही खातं असू शकतं. हार्टमनकडे शिक्षण आहे आणि त्याला पोल ब्रेमरची मुख्य खुर्ची हवी आहे. आपल्याकडे मुंबईत कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती आणि महापौर बराचसा मानाचा. तिकडे तसं नाही, महापौर म्हणजे खरी सत्ता. हे एकदा डोक्यात बसलं की छोट्या पक्षांचा पाठिंबा मिळवायला हार्टमनची माणसं जी धावाधाव करतात ती कंटाळवाणी वाटत नाही. एका भाड्याच्या गाडीमुळे अख्खा प्रचार कसा गाळात जातो, ते आपल्याकडच्या कुठल्याही निवडणुकीत शोभलं असतं. हा धागा पुढे ढकलत पाहणारे लोक असतात. पहिल्या सीझनमध्ये ते करू नका, तपासातले किमान तीन दुवे या नगरपालिकेच्या इमारतीतूनच निघतात.

पोलिसांच्या बाजूने सर्वांत रास्त तक्रार म्हणजे टॉर्च. लुंड अंधाऱ्या गोदामात, तळघरात, रिकाम्या घरात एकटी शिरते, दिव्याचं बटण दाबत नाही, मदत मागवत नाही, हातात पिस्तूल असेलच असं नाही. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, सहाव्यांदा हसू. त्याला बचाव नाही, ती दिग्दर्शनाची खोड आहे. मात्र ‘पोलीस लोकांना उगाच पकडतात आणि सोडतात’ ही तक्रार चुकीची आहे. डॅनिश संविधानाप्रमाणे अटक केलेल्याला २४ तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, जसं आपल्याकडे कलम २२ प्रमाणे दंडाधिकाऱ्यापुढे. एक भाग म्हणजे एक दिवस, त्यामुळे हे घड्याळ प्रत्येक चौकशीच्या डोक्यावर टिकटिकत असतं. लुंडचा साथीदार यान मायर (सॉरेन मालिंग) पुरावा कच्चा असताना माणसावर का ओरडतो, ते या घड्याळाकडे पाहिलं की समजतं.

सबटायटल्स वाचताना अजून एक. डॅनिश लोक जवळजवळ सगळ्यांना एकेरीच हाक मारतात, मंत्र्यालाही. हाताखालचा माणूस हार्टमनला नुसतं ‘ट्रोल्स’ म्हणतो तेव्हा आपल्या कानाला ते खटकतं, पण त्यात उर्मटपणा नाही. खुन्नस ओळखायची तर आवाज पाहा. पोलीस मात्र एकमेकांना आडनावाने बोलावतात, म्हणून सुरुवातीचे दोन भाग नावं डोक्यात बसेपर्यंत कागदावर टिपून ठेवलीत तर नंतर मागे जावं लागणार नाही. दर भागाच्या शेवटी फ्रान्स बाकचं संगीत चढत जातं आणि तिन्ही धाग्यांतली माणसं एकेक करून दिसतात. तिथे क्रेडिट आले समजून बंद करू नका, दिवसाचा खरा धक्का बहुधा त्या दोन-तीन मिनिटांत असतो.

आणि लुंडचा तो स्वेटर. पांढऱ्यावर काळी नक्षी, फॅरो बेटांवरच्या गुद्रुन अँड गुद्रुन या जोडीचा, हाताने विणलेला. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की इथे एवढंच पुरे.

दुसऱ्या सीझनबद्दल मतं आणखी फाटतात. लुंडची रवानगी दक्षिण टोकाच्या गेड्सर बंदरावर झालेली, तिथून तिला परत बोलावलं जातं. अफगाणिस्तानातून परतलेले सैनिक एकेक करून मारले जात आहेत. दहा भागांत सगळं बसवल्याने गती चांगली आहे, आणि न्यायमंत्री बुकच्या भूमिकेत निकोलस ब्रो हा जाडजूड, खात-पीत विचार करणारा गृहस्थ धमाल आहे. पण शोकाकुल घराची जागा लष्करी छावणीने घेतली, आणि ते नुकसान भरून निघत नाही. डेन्मार्कचे सैनिक अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये खरोखर लढत असताना हा सीझन तिथे दाखवला गेला, हे लक्षात ठेवलं तर मंत्रालयातले प्रसंग जास्त टोचतात. तीनही सीझन पाहायचे नसतील तर पहिला पाहा आणि तिथेच थांबा. दुसरा एकटा पाहिला तरी कळतो. तिसरा मात्र लुंडला ओळखल्याशिवाय पाहण्यात अर्थ नाही.

रीमेकांचं थोडक्यात. अमेरिकन आवृत्तीने २०११ मध्ये पहिल्या सीझनच्या १३ भागांनंतरही खुनी सांगितला नाही, त्यावर तिथले प्रेक्षक भडकले, आणि ते योग्यच होतं. २०२५ मध्ये हीच कथा हिंदीत ‘सर्च: द नैना मर्डर केस’ म्हणून नवी मुंबईत आणली, कोंकणा सेन शर्माला घेऊन. खाडीकाठच्या शहराला ही कथा शोभते आणि कोंकणाची निवडही अचूक. पण मुळात वीस तासांत मुरलेलं दुःख सहा भागांत घातलं की संशयित तेवढे उरतात आणि आईवडील आटतात. हिंदी आधी पाहिलीत तर मूळ मालिकेची निम्मी मजा जाते. क्रम उलटा ठेवा.

पुढचा मजकूर तिसरा सीझन पाहिलेल्यांसाठीच.

शेवटावर भांडण आजही मिटलेलं नाही. लुंड गाडीत बसलेल्या राइनहार्टला गोळी घालते, कारण तो दोषी आहे हे तिला ठाऊक आहे आणि ते कोर्टात टिकणार नाही हेही. मग ती विमानाने देश सोडते. विरोधकांचं म्हणणं असं की तीस-चाळीस तास पुराव्यासाठी सगळं घर मोडणाऱ्या बाईने शेवटी पुराव्याशिवाय न्याय करावा, हा लेखकाने केलेला घात आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, तिने वाटेत मायरला गमावलं, मुलाला दुरावली, आणि दर वेळी वरची माणसं सुटताना पाहिली, मग दुसरं काय होणार होतं? माझा कौल दुसऱ्या बाजूला, पण अटीवर. शेवटच्या भागात तिच्या त्या निर्णयाला जेवढा वेळ दिला तेवढा पुरत नाही, गाडीतल्या प्रसंगाआधी तिला एकटीला बसू द्यायला हवं होतं. सीझनच्या सुरुवातीला हीच बाई पोलिसात पंचवीस वर्षं भरत आल्यावर टेबलावरच्या निवांत नोकरीसाठी अर्ज करून बसलेली असते. शेवट पुन्हा पाहणार असाल तर त्याआधी पहिल्या भागातले ते प्रसंग लावून घ्या.