पाचशेच्या स्टॅम्पवर घटस्फोट होत नाही

कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका माणसाने माझ्या थोरल्या बहिणीला घटस्फोट विकला. बावीस हजारांना. पैसे बचत गटातून उचललेले, हप्ते अजून चालू आहेत. अक्का म्हणाली, तू लिही, म्हणजे दुसरी कुणी त्या टेबलापाशी जाणार नाही.

अक्का सोलापुरात विड्या वळते. हजार विड्यांमागे मजुरी, त्यात खोलीचं भाडं आणि मुलीची शाळा. दाजी बरीच वर्षं वेगळे राहतात. दोघांनाही मोकळं व्हायचं होतं, भांडायलाही काही उरलं नव्हतं. एजंटाला असंच गिऱ्हाईक हवं असतं. दोघं तयार, दोघांच्या खिशात काही नाही आणि दोघांना कोर्टाची धास्ती.

पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फायली. तो स्वतःला वकील म्हणाला नाही. आजूबाजूचे त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणत होते आणि तो ओ देत होता.

“ताई, केस टाकली तर लाखभर जातील, वर तारखांना चपला झिजतील. दोघांची संमती आहे ना? मग सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, आता सहा महिने थांबायचं नाही की जज्जसमोर उभं राहायचं नाही.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. संमतीने घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. त्याआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. ही सहा महिन्यांची वाट योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. माफ करणार कोर्टच. अर्ज करावा लागतोच, आणि विवाह मोडल्याचा हुकूमनामा न्यायाधीशच देतात.

अक्काच्या हाती पडला तो पाचशेच्या स्टॅम्पवरचा ‘घटस्फोट करारनामा’. दोघांचे फोटो, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. दिसायला इतका भारदस्त की आईने तो देवघरात ठेवला. आत एक ओळ होती: पत्नी स्वतःसाठी वा मुलीसाठी पुढे कधीही पोटगी मागणार नाही. ही ओळ कुणी घालायला सांगितली, याचा संशय मला आहे, पुरावा नाही.

नोटरीला लग्न लावताही येत नाही आणि मोडताही येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या विधी विभागाने नोटरींना असे लग्नाचे, घटस्फोटाचे कागद करू नका म्हणून बजावलं होतं. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो, कायद्यानेही ती वाट ठेवली आहे, पण तशी रूढी असल्याचं कोर्टात सिद्ध करावं लागतं. आमच्यात ती नाही.

उघडकीला आलं ते तहसीलमध्ये. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित बाईला अनुदान मिळतं, म्हणून अक्काने अर्ज केला. खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट करून परत सरकवला. “कोर्टाची ऑर्डर आणा. हे चालत नाही.” एजंटाकडे गेलो, तर तो म्हणाला, डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, काढायचे आठ हजार वेगळे! केस नंबर मागितला तर चिठ्ठीवर काहीतरी खरडून दिलं. मी ई-कोर्टच्या ॲपवर तो नंबर टाकला, मग दोघांची नावं टाकून शोधलं. काहीच नाही. खऱ्या केसला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो आणि तारीख कधीची, पुढे काय झालं, हे घरबसल्या फुकट बघता येतं. तुमच्या ‘केस’चा असा क्रमांक कुणी देत नसेल, तर केस झालेलीच नाही असं धरा.

तोवर दाजींनी त्याच कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं होतं. पहिलं लग्न कायद्याने उभं असताना दुसरं केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दाजींचा मला फार कळवळा नाही. पण त्या दुसऱ्या मुलीचं काय? तिचं लग्न कायद्यापुढे शून्य, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांनाही तसंच. इतर बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची अट आहे. तालुक्याला तालुका समिती असते, फोनसाठी १५१०० हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात बायकांना कोर्ट फीही माफ आहे. म्हणजे एजंटाने लाखाची भीती घालून जे बावीस हजारांत ‘स्वस्त’ विकलं, ते अक्काला फुकट मिळणार होतं, आणि खरं मिळणार होतं.

“फुकटचा वकील काम करत नाही,” असंही तो म्हणाला होता. अक्काला मिळालेल्या वकीलबाईंकडे केसेसचा ढीग आहे, फोन पहिल्या झटक्यात उचलत नाहीत. पण अर्ज दाखल झालाय, क्रमांक आहे, तारखा पडतायत. त्यांनी एक पैसा घेतलेला नाही. प्राधिकरणाच्या यादीवरच्या (पॅनेलवरच्या) वकिलाला पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत, मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करता येते. पोटगी सोडल्याच्या त्या ओळीवर त्या म्हणाल्या, मुलीचा हक्क आईला सोडून देता येतच नाही. मुलीच्या पोटगीचा अर्ज वेगळा टाकलाय.

तुमच्या घरात असा कागद असेल तर रागाच्या भरात फाडू नका. तो आणि पैसे पाठवल्याचे फोनमधले मेसेज जपून ठेवा. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देताना आमच्याकडून पहिल्यांदा तेच मागितलं.