पहिली बीप गिळणारा स्पीकर: म्युझिक व्हिडिओच्या प्लेबॅकला काही महिने वापरल्यानंतर

थोडा वेळ गप्प राहिला की हा ब्लूटूथ स्पीकर पुढच्या आवाजाची सुरुवात गिळतो, अशी तक्रार केली होती. सर्व्हिस सेंटरचं शेवटचं उत्तर आलं: "हा दोष नाही, बॅटरी वाचवायची सोय आहे." रीसेट करून झालं, फर्मवेअर अपडेट करून झालं, फरक शून्य. म्हणून हा रिव्ह्यू.

स्पेक्स नेहमीचेच. हातात मावणारा दंडगोल, २० वॅट, आयपी६७ (धूळ-पाणी झेलणारा), ब्लूटूथ आणि ऑक्स (वायरची जोडणी). ब्रँड लिहीत नाही, कारण या वर्गातले बरेच स्पीकर असेच वागतात. मीडियाच्या विद्यार्थ्यांना गाण्याच्या शूटला प्लेबॅकसाठी (गायकाने ओठ हलवावेत म्हणून मूळ गाणं वाजवायला) हाच प्रकार परवडतो, म्हणून त्याच अंगाने लिहितो.

तर ती "सोय" अशी: आवाज थांबला की काही सेकंदांत आतला अ‍ॅम्प्लिफायर झोपतो. पुन्हा काही वाजलं की जागा व्हायला अर्धा सेकंद घेतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात जे वाजलं ते गेलं. घरी गाणी ऐकणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. प्लेबॅकच्या फाइलमध्ये मात्र नेमकी तिथेच पहिली बीप असते.

एका बीपचं एवढं काय? गाण्यात मुखडा तीनदा येतो. एडिटला बसल्यावर कॅमेऱ्याच्या स्क्रॅच ऑडिओची (फक्त जुळवणीपुरता रेकॉर्ड केलेला आवाज) वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मूळ गाण्याशी जुळवून ऑटो-सिंक करायचं, ही नेहमीची पद्धत. पण आजकालच्या प्रोग्राम केलेल्या गाण्यात तिन्ही मुखड्यांखाली तोच लूप कॉपी केलेला असतो. सॉफ्टवेअर दुसऱ्या मुखड्याची क्लिप खुशाल पहिल्यावर नेऊन बसवतं, आणि शब्द तेच असल्यामुळे ओठही चपखल जुळतात! चूक लक्षात येते ती कपडे किंवा उजेड जुळेनासा झाल्यावर. यावर उपाय म्हणजे गाण्याचे तुकडे करून वेगवेगळ्या फाइली बनवायच्या आणि प्रत्येकीच्या आधी ओळखीच्या बीप घालायच्या: पहिल्या मुखड्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. आता यातली पहिली बीप स्पीकरने गिळली की दुसरा मुखडा पहिला होतो, तिसरा दुसरा होतो, आणि पहिल्याला ओळखच उरत नाही. ओळखीच्या बीपनंतर ठेक्यात मोजणी दिली नसेल, तर गायकही एक मात्रा आधी किंवा नंतर उठतो.

तोडगा आहे, फुकट आहे. ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये बीपच्या आधी पाच सेकंद पिंक नॉइज (सलग खरखर) टाकायचा, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.०१, म्हणजे −४० डेसिबल. लोकेशनवर तो कुणाला ऐकू येत नाही, पण स्पीकर जागा होतो. नुसती पाच सेकंदांची शांतता जोडून उपयोग नाही, डिजिटल शांततेत तो झोपलेलाच राहतो. नॉइजनंतर ओळखीच्या बीप, मग गाण्याच्या टेम्पोत चार मात्रांची मोजणी, मग दोन ओळी आधीपासून गाणं. गायकाला सूर आणि चेहरा दोन्ही पकडायला तेवढा वेळ लागतो. ऑक्सची वायर लावली तरी झोप जात नाही, तेव्हा वायरच्या भरवशावर राहू नका.

आता लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला होणारा उशीर. सुरुवातीला याच मुद्द्यावर दोन तारे कापायचं ठरलं होतं. ब्लूटूथचा आवाज सहज २०० मिलिसेकंद उशिरा येतो, सेकंदाला २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर ते पाच फ्रेम्स झाले. वापरून मत बदललं. गायक स्पीकर ऐकूनच ओठ हलवतो आणि कॅमेऱ्याचा माइकही तोच स्पीकर ऐकतो. उशीर दोघांना सारखाच, सिंकमध्ये तो आपोआप निघून जातो. फोनच्या पडद्यावर टाइमकोड (गाण्याची चालू वेळ) दाखवून त्यावरून सिंक करणार असाल तरच वायर लावा.

त्याहून जास्त त्रास देतं ते अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमला साडेतेरा-पावणेचौदा मीटर. स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि गायक लांब टेकाडावर उभा असला, तर ओठ एक-दोन फ्रेम्स मागे पडतात. स्पीकर गायकाजवळ ठेवला तर तो बरोबर गातो, पण कॅमेऱ्याला आवाज उशिरा मिळतो आणि सिंक केल्यावर ओठ पुढे पळतात. तरी स्पीकर गायकाजवळच ठेवा, आणि लाँग शॉटच्या क्लिपा एडिटमध्ये फ्रेम-फ्रेम सरकवून बघा. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे तपासायचं.

आवाजाला नावं ठेवायला जागा नाही, एक अट सोडून. पूर्ण व्हॉल्यूमला हा स्वतःच बेस कापतो, आणि तरीही किक ड्रम पडला की लिमिटर (आवाज ठराविक पातळीपुढे जाऊ न देणारी सोय) गायकाचा आवाज दाबतो. म्हणून प्लेबॅकसाठी मिक्स वेगळा काढा: १२० हर्ट्झच्या खालचं कापा, गायकी तीन डेसिबल वर. लिप-सिंकला व्यंजनं ऐकू यायला हवीत, धमधम नाही. कॅमेऱ्याचं ऑटो गेन (रेकॉर्डिंगची पातळी आपोआप बदलणं) बंद ठेवा, सर्वांत मोठा आवाज −१२ डेसिबलच्या आसपास.

स्लो मोशनला हा स्पीकर अनपेक्षितपणे चांगला निघाला. ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर चालवायचं तर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. ६० वरून २४ वर यायचं तर अडीचपट, म्हणजे चार मिनिटांचं गाणं ९६ सेकंदांत. अशा गाण्यात बेस नसला तरी चालतं, शब्द स्पष्ट हवेत, आणि इथे ते येतात. ऑडॅसिटीतलं "चेंज स्पीड अँड पिच" वापरलं तर गायकाचा चिमणीसारखा आवाज होतो. "चेंज टेम्पो" वापरा, दुपटीसाठी तिथे १०० टक्के आणि अडीचपटीसाठी १५० टक्के लिहायचं. टेम्पो ताणल्यावर ठोके थोडे विरघळतात, म्हणून वर क्लिक ट्रॅक (ठेक्याची टिकटिक) घाला. नवख्या गायकाला अडीचपट झेपत नाही. ३० वर शूट करून २४ वर, म्हणजे सव्वापट, एवढ्यावरही हालचाल छान तरंगते. बरेच कॅमेरे हाय-फ्रेम मोडमध्ये आवाजच रेकॉर्ड करत नाहीत, त्यामुळे जुळवणीची खूण म्हणून शेवटच्या बीपवर कॅमेऱ्यासमोर क्लॅप द्यावा लागतो. आणि पहिली गिळली असेल तर क्लॅपवाल्याला शेवटची कुठली ते कसं कळणार? आलोच परत तिथे.

बॅटरी: बॉक्सवरचे १२ तास मध्यम आवाजाचे. पूर्ण आवाजात चार-साडेचार धरा आणि पॉवर बँक न्या. चार्जिंग उतरलं की हा टेकच्या मधोमध बाईच्या आवाजात घोषणा करतो, ती बंद करता येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवा, नाहीतर अंतऱ्यात कुणाच्या तरी आईचा फोन वाजतो.

पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीडपैकी एक पूर्ण त्या बीपचा आहे. दुसरा घेणाऱ्यांनी दुकानात बेसचा डेमो ऐकत बसू नये. फोनमध्ये एकच बीप असलेली फाइल न्या, स्पीकर जोडून एक मिनिट गप्प उभे राहा, मग वाजवा. बीप अख्खी आली तरच पाकिटाला हात घाला.