मॅकची ८०० केबी की पीसीची ७२० केबी?
साडेतीन इंची डबल डेन्सिटी फ्लॉपी तीच, पण मॅकवर ८०० केबी मावायचं आणि पीसीवर ७२०च. पीसीचा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेऱ्यांवर ठाम, एका बाजूला ८० ट्रॅक (चकतीवरची गोल वर्तुळं), प्रत्येकात ९ सेक्टर (माहितीचे सारखे तुकडे), विषय संपला. मॅकवाला मात्र हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) बाहेरच्या ट्रॅकवर असलं की वेग कमी करायचा, तिथे जागा जास्त म्हणून १२ सेक्टर बसवायचा, आणि आत येईल तसा वेग वाढवत ८ पर्यंत उतरायचा (मोटरचा सूर बदललेला चक्क ऐकू यायचा). डोकं भारीच, पण नेहमीच्या पीसीला ती फ्लॉपी वाचताच यायची नाही. उलट १९८८पासूनचे सुपरड्राइव्हवाले (ॲपलचा नवा फ्लॉपी ड्राइव्ह असलेले) मॅक पीसीची फ्लॉपी वाचायचे. फायली इकडेतिकडे न्यायच्या तर ७२०च घ्या, ८० केबीसाठी कोण भांडतंय!