गोव्यातल्या साळगावातलं शुक्रवारचं ज्यू जेवण, वेळ काढून जाच

आधीच सांगतो, हे हॉटेल नाही, एका जोडप्याचं राहतं घर आहे म्हणून नाव-पत्ता इथे टाकत नाही. दर शुक्रवारी रात्री बारा-चौदा माणसांचं जेवण असतं, माणशी 1400, आधी जीपे करायचे. मी आणि बायको म्हापशाहून गेलो होतो, तीन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

घरची बाई मूळची अमेरिकेतली, डेट्रॉइटकडची, नवरा साळगावचाच कॅथलिक. ती ज्यू आहे पण देव मानत नाही आणि हे ती वाढता वाढता सरळ सांगते. मला वाटलं तिचं स्वतःचं मत असेल, पण नाही, तसा अख्खा समाजच आहे त्यांचा, मानवतावादी ज्यू म्हणतात. 1963 साली डेट्रॉइटजवळ शर्विन वाइन नावाच्या रब्बायने आठ कुटुंबं घेऊन सुरू केला. रब्बाय म्हणजे धर्मगुरूच की, आणि त्याचंच म्हणणं असं की जे मनापासून पटत नाही ते प्रार्थनेत तोंडाने म्हणायचं नाही, पण सण, भाषा, इतिहास हे आपल्या माणसांनी घडवलेलं आहे, ते का सोडायचं? त्यांच्या त्या पहिल्या मंदिरात तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी मुख्य हॉलमध्ये नसायची, लायब्ररीत असायची, आणि समोर हिब्रूत एकच शब्द, 'आदाम', म्हणजे माणूस. मी हे ऐकून घास हातातच धरून बसलो होतो. या दोघांचं लग्न लावायला दुसरे रब्बाय तयार होईनात कारण नवरा ज्यू नाही, शेवटी याच समाजातल्या रब्बायने लावलं. नाताळला ती सासूबरोबर चर्चला जाते आणि हनुक्काला, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला, सासू हिच्याकडे येऊन मेणबत्त्या लावते.

आता दिव्याचं सांगतो. जेवणाआधी दोन मेणबत्त्या लावतात आणि हिब्रूत दोन-तीन ओळी म्हणतात, चाल जुन्यासारखीच, फक्त देवाच्या नावाच्या जागी जगातल्या उजेडाचं आणि माणसातल्या उजेडाचं नाव. त्यानंतर ती म्हणाली की याच गोव्यात शुक्रवारी संध्याकाळी असा दिवा लावला म्हणून माणसं पकडली जायची. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, इथे 1560 ला आलं हे आपण शाळेत शिकलोय, पण आपल्याला आठवतात ती पाडलेली देवळं, ज्यूंचं कुणी सांगतच नाही. पणजीला चर्चजवळची म्युनिसिपल बाग आहे ना, ती ज्याच्या नावाची तो गार्सिया द ओर्ता, इथल्या झाडपाल्याच्या औषधांवर ज्याचं पुस्तक 1563 ला गोव्यातच छापलं गेलं, तो वरून ख्रिस्ती पण घराणं ज्यूंचं. तो 1568 ला वारला, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि 1580 ला त्याची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. त्या बागेत मी लहानपणापासून चणे खात बसलोय आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या दोन मेणबत्त्यांकडे बघताना खरंच गळा दाटून आला.

त्या दिवशी ठाण्याच्या एक आजी होत्या, बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, मूळ अलिबागकडच्या, तुमच्या-आमच्यासारखं मराठी बोलणाऱ्या. देवाचं नाव गाळलेलं ऐकलं आणि त्या स्पष्टच म्हणाल्या, "बाय, हे मला चालायचं नाही हो." सगळं टेबल गप्प. तर ती बाई उठली, आजींच्या पुढ्यात पेला ठेवला आणि म्हणाली, तुम्ही तुमचं म्हणा. आजींनी पिशवीतून बाटली काढली, त्यात काळ्या मनुकांचं सरबत, त्यांच्यात वाइनऐवजी हे चालतं, आणि थरथरत्या आवाजात आख्खा किद्दुश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायची शुक्रवारची प्रार्थना, म्हटला, देवाच्या नावासकट. सगळे उभे, घरची बाईसुद्धा मान खाली घालून उभी. मग सरबत सगळ्यांना घोट घोट मिळालं. त्या दिवशी सुंगटं (कोळंबी) केलीच नव्हती कारण ती ज्यू धर्मात खात नाहीत म्हणून आजींना चालत नाहीत, बाईने दोन दिवस आधी फोन करून विचारून घेतलं होतं. स्वतः ती सगळं खाते. मला वाटतं त्यांची मूल्यं काय ते मला त्या पेल्यात कळलं.

जेवण एक नंबर. चल्ला म्हणजे वेणीसारखा विणलेला पाव, गरम, वरून तीळ. इसवणाचा (सुरमईचा) लालभडक रस्सा, भरपूर लसूण आणि जिरं, नारळ नाही तरी चुकल्यासारखं वाटत नाही. भाजलेल्या वांग्यात तीळ वाटून घातलेले, आपल्या भरताच्या जवळपास. गोड मात्र साधं, खजूर आणि केक, केक जरा कोरडा. उशीर फार करतात, सातचं सांगून पावणेआठला मेणबत्त्या लागल्या, आजी म्हणाल्या की शब्बाथचा, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा सूर्य मावळायच्या आत लागला पाहिजे, आणि त्यांचं बरोबर आहे. पार्किंग नाही, गल्लीत गाडी वळत नाही, बाईकने जा.

माझं म्हणाल तर बाबा गेल्यापासून माझा देवावरचा विश्वास उडालाय आणि चवथीला आरती चालू असताना मी दारात उभा असतो, ना आत ना बाहेर, आणि आईला ते दिसतं. पण माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळांची सजावट, मीच बांधतो, तिच्यासाठी डोंगरावरून कांगलां, घागऱ्यो, कवंडळं मीच आणतो, आणि त्यात मी शंभर टक्के असतो. आजवर मला वाटायचं हे अर्धवट आहे. त्या टेबलावरून उठलो तेव्हा पहिल्यांदा तसं वाटलं नाही आणि येताना बाईकवर बायकोला तेच सांगत होतो.

पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन जातोय. सरबत आपणच करून न्यावं म्हणून आजींना फोन केला, तर म्हणाल्या, काळे मनुकेच घे, रात्रभर भिजत घाल, हाताने कुस्कर आणि फडक्यातून गाळ, साखर घालू नकोस.