विद्राव्यतेच्या नियमांचा भिंततक्ता: वर्षभराच्या वापरानंतर

दोन द्रावणे एकत्र केल्यावर अवक्षेप, म्हणजे न विरघळता तळाशी बसणारा घन पदार्थ, तयार होईल की नाही, हे प्रयोगाआधीच सांगता यावे यासाठी विद्राव्यतेच्या (कोणता क्षार पाण्यात विरघळतो आणि कोणता नाही याच्या) नियमांचा हा भिंततक्ता मी वर्षभर शिकवताना वापरला. त्याची मांडणी मला मनापासून आवडली, कारण डाव्या बाजूला धन आयन आणि वरच्या ओळीत ऋण आयन (क्षारातले धन व ऋण विद्युतभार असलेले कण) असल्यामुळे विद्यार्थी आधी आयनांची अदलाबदल करतो, दोन्ही संभाव्य क्षार लिहितो आणि मगच चौकटीचा रंग पाहतो. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड घेतले, तर पोटॅशियम नायट्रेट द्रावणातच राहणार हे लगेच कळते. उरलेले लेड आयोडाइड पिवळ्याधमक अवक्षेपाच्या रूपात तळाशी बसते.

खटकणारी बाब मात्र गंभीर आहे. तक्त्यात ‘विद्राव्य’ आणि ‘अविद्राव्य’ असे दोनच रंग असून कॅल्शियम सल्फेट आणि बेरियम सल्फेट एकाच रंगात बसवले आहेत. प्रत्यक्षात खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात कॅल्शियम सल्फेट सुमारे २ ग्रॅम विरघळते, तर बेरियम सल्फेट जेमतेम २ ते ३ मिलिग्रॅम; त्यामुळे विरल द्रावणांत पहिल्याचा अवक्षेप दिसतच नाही आणि आपलेच काहीतरी चुकले, असे विद्यार्थ्यांना वाटते. लेड क्लोराइड गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, याचीही नोंद हवी होती.

छपाई स्पष्ट आहे, लॅमिनेशन टिकाऊ आहे. अल्पविद्राव्य, म्हणजे थोडेसेच विरघळणाऱ्या, क्षारांच्या चौकटींवर मी तिसऱ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. नव्या आवृत्तीत प्रकाशकांनी तो रंग स्वतःच छापावा.