बारा इंची दिव्याचा पृथ्वीगोल: अख्खं शैक्षणिक वर्ष वर्गात वापरल्यावर

विक्रेत्याने माझी तक्रार परस्पर ‘निकाली’ काढली, म्हणून आज हे सविस्तर लिहायला बसले. हा पृथ्वीगोल घ्यायचं मनात असलेल्यांना त्याची माहिती ठाऊक असणारच. बारा इंची, आत एलईडी दिवा, दिवा बंद असताना राजकीय नकाशा आणि लावला की प्राकृतिक, प्लॅस्टिकची कमान, प्लॅस्टिकची बैठक. मला साडेचौदाशेला पडला, तेही स्वतःच्या पैशाने. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत मी सातवी ते दहावी भूगोल शिकवते. साडेचौदाशेची वस्तू चार-पाच वर्षं तरी टिकावी, यात मला काही जास्तीचं मागितल्यासारखं वाटत नाही.

जुलैत मी याला चार तारे दिले होते आणि ते मनापासून दिले होते. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वार्षिक नियोजनात सुरुवातीचे तास तिथेच कमी होतात, आणि भूगोलाची तासिका बहुधा जेवणानंतरची, पेंगणारी. अशा तासाला टेबलावर गोल ठेवला की मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येत. दहावीच्या अभ्यासक्रमात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही देश एका नजरेत दिसतात, पण ते एकमेकांपासून किती वळसा घालून आहेत ते गोल हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

पहिला आठवडा नुसता प्रमाणावर घालवला आणि टाचणात तसं लिहूनही ठेवलं. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर, गोलाचा ३० सेंटिमीटर. म्हणजे गोलावरचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण ४२ किलोमीटर. आमच्या गावापासून नागपूर दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ८,८४९ मीटरचा एव्हरेस्ट या गोलावर उभा केला तर जेमतेम ०.२ मिलिमीटर, बोटाला लागणारही नाही. चंद्र सुमारे ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे गोलापासून ९ मीटर. एका मुलीला आठ सेंटिमीटरचा चेंडू देऊन वर्गाबाहेर व्हरांड्याच्या टोकाला उभं केलं. मग सूर्य कुठे, ते मुलांनीच काढलं: साडेतीन किलोमीटरवर, फाट्याच्याही पलीकडे, आणि तिथे तेहतीस मीटर रुंदीचा. नववीच्या वर्गात त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी जागचं हललं नाही.

सुतळीचा प्रयोगही याच गोलावर छान होतो. नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को सर्वांत जवळचा मार्ग कोणता, असं विचारलं की मुलं भिंतीवरच्या नकाशात जपानवरून पॅसिफिकमधून सरळ आडवी रेघ ओढतात. गोलावर सुतळी ताणली की ती आर्क्टिक वृत्ताच्याही वरून जाते. इथवर माझी काही तक्रार नव्हती. विषुववृत्तावर दोन अर्धगोल जोडल्याची फट आहे आणि ॲमेझॉनचं मुख नेमकं त्या फटीत सापडलंय, पण तेवढं मी सोडून दिलं.

आता मुद्द्याचं. या वस्तूत एक दोष आहे, आणि माझ्या मते तो बाकीच्या सगळ्या गुणांवर भारी आहे: कमानीचा बैठकीशी असलेला सांधा.

कमान बैठकीला एकाच स्क्रूने धरलेली आहे. स्क्रू थेट प्लॅस्टिकात पिळलेला, पलीकडून नट नाही, मध्ये वायसर नाही. पृथ्वीगोल वर्गात ठेवल्यावर मुलं तो फिरवणारच, त्यासाठीच तर तो असतो. प्रत्येक फिरवण्याचा हिसका कमानीतून त्या एका स्क्रूवर येतो. दिवाळीपर्यंत आटे झिजले. आवळला की दोन दिवस बरा, मग पुन्हा ढिला. मी वहीचा कागद दुमडून भोकात घातला, त्यावर स्क्रू बसवला, तेही आठवडाभर चाललं. बाहेरून बघणाऱ्याला गोल ठीकच दिसतो. फक्त कमान आपल्याच वजनाने हळूहळू मागे झुकत जाते.

कोणी म्हणेल, थोडा झुकला तर काय बिघडलं? सातवीला ऋतू शिकवताना काय बिघडतं ते समोर आलं. टेबलाच्या मध्यभागी बल्ब, भोवती खडूने कक्षा, उत्तरेच्या भिंतीवर ध्रुवताऱ्याचं चित्र. गोल कक्षेवर कुठेही नेला तरी आस त्या ताऱ्याकडेच ठेवायचा, आणि ऋतू का होतात ते यातूनच समजतं. गोलावर कणकेच्या गोळीत आगकाडीचा तुकडा उभा करायचा. ज्या जागी काडीची सावली नाहीशी होते तिथे सूर्य बरोबर डोक्यावर. गोल २१ जूनच्या जागी ठेवला आणि एका मुलाला काडी सरकवायला सांगितली. तो सरकवत सरकवत वर गेला आणि म्हणाला, “मॅडम, दिल्लीवर सावली गायब होऊन राह्यली.”

दिल्ली आहे २८ अंशांच्या पुढे. सूर्य डोक्यावर येतो तो जास्तीत जास्त कर्कवृत्तापर्यंत, २३ अंश ३० मिनिटांपर्यंत. दिल्लीत बारा महिन्यांत एकदाही तो बरोबर माथ्यावर येत नाही. कंपासमधला कोनमापक लावला, तर आस तीस अंशांच्या जवळ कललेला. खोका उघडला त्या दिवशी हाच कोनमापक लावून साडेतेवीस मोजलेला होता. बिचाऱ्या मुलाने पुस्तकातलं विधान आणि डोळ्यांसमोरचं साहित्य ताडून पाहिलं आणि साहित्य खोटं ठरलं. शैक्षणिक साहित्याने खोटं शिकवणं याहून मोठा दोष मला माहीत नाही. दिवा बंद पडला असता, रंग उडाला असता, तरी मी एवढं लिहिलं नसतं. आसाचा कल ही पृथ्वीगोलातली मुख्य गोष्ट. ती टिकत नसेल तर तो नुसता रंगीत चेंडू.

तक्रार केली. आधी फोटो मागितले, मग बिल, मग सांध्याचा व्हिडिओ. सगळं पाठवलं. उत्तर आलं की वॉरंटी एक वर्षाची आहे, पण ती दिव्यापुरती, स्टँडला लागू नाही. सुटी कमान विकत द्या म्हटलं, तर सुटे भाग मिळत नाहीत. गोल परत घ्या म्हटलं, तर तुमच्या पिनकोडला पिकअप नाही, स्वतःच्या खर्चाने पाठवा. कुरिअरसाठी मला वर्ध्याला जावं लागतं, आणि एवढ्या मोठ्या खोक्याचा खर्च वस्तूच्या किमतीत भर घालणारा. वस्तू घरपोच देताना चालणारा पिनकोड परत नेताना का चालत नाही, याचं उत्तर मला कोणी दिलं नाही. डिसेंबरात स्टाफरूममधून वर्गात नेताना सांधा पूर्ण तुटला आणि गोल माझ्या हातात, कमान खाली, अशी अवस्था झाली. त्या दिवशी चाराचा एक तारा केला.

इथून पुढे मत पुन्हा बदललं, ते का तेही सांगते.

नुसता गोल हातात होता आणि दहावीचा हवामानाचा पाठ डोक्यावर. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून मोठ्या गंजाखालची, म्हणजे पातेल्याखालची, चुंबळ मागून घेतली, ती पटांगणात ठेवली आणि तिच्यावर गोल. आता तो हवा तसा वळवता येत होता, आणि कमान असताना हे जमत नाही. गोल असा वळवायचा की आपलं गाव बरोबर माथ्यावर येईल आणि उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे. उत्तर शोधायला जमिनीत काठी रोवली आणि सर्वांत आखूड सावलीची वाट पाहिली. ती बारा वाजता पडत नाही, सव्वाबाराच्या आसपास पडते, कारण घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्तावर आणि आपण त्याच्या जवळपास चार अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. पुस्तकातलं हे गणित मुलं पाठ करतात, त्या दिवशी ते जमिनीवर घडताना पाहिलं.

मग गोलावर वर्ध्याच्या जागी काडी उभी केली. जमिनीतल्या काठीची सावली ज्या दिशेला, काडीची सावलीही त्याच दिशेला, आणि लांबीचं प्रमाणही तेच. हे जुळलं की गोल पृथ्वीसारखाच ठेवला गेला असं समजायचं. आता बल्ब नको, कोनमापक नको. सूर्य खऱ्या पृथ्वीचा जो भाग उजळतो तोच भाग गोलावर उजळतो. उत्तर ध्रुवावर सावली, अंटार्क्टिका लख्ख उन्हात. दीडच्या सुमारास मुलं पश्चिमेकडून वाकून गोलाची खालची बाजू बघत होती. उजेडाची कड अटलांटिकमधून सरकत ब्राझीलच्या पूर्व टोकाला आली, आणि एक मुलगी ओरडली, “मॅडम, ब्राझीलात उजाडून राह्यलं!” ब्राझिलियाची वेळ आपल्या साडेआठ तास मागे, हे वाक्य त्यानंतर कोणाला पाठ करावं लागलं नाही.

त्यातूनच सोयाबीन निघालं. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी सोयाबीन आणि कपाशी. जगात सर्वांत जास्त सोयाबीन ब्राझीलमध्ये पिकतं. आपलं सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरात येतं, तेव्हा तिकडे पेरण्या चालू असतात, आणि तिकडची काढणी जानेवारीनंतर. दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा उन्हात ठेवलेल्या गोलावर दिसत होता, त्यामुळे “तिकडे डिसेंबरात पाऊसपाणी कसं?” हा प्रश्न मुलांनीच विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं. एकच रुखरुख आहे. आमच्या अक्षांशावर सूर्य अगदी माथ्यावर येतो तो साधारण २४ मे आणि १९ जुलैच्या सुमाराला. मे महिन्यात सुट्टी, जुलैत ढग. शून्य सावली मुलांना शाळेत दाखवायची तर उघडीप मिळावी लागते. यंदा त्या दिवसांत आभाळ भरलेलं होतं, पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

म्हणजे हा गोल, गोल म्हणून, चांगला आहे. कवच जाड आहे, पडूनही चेंबला नाही, छपाई उन्हात उडाली नाही. वाईट आहे ते फक्त स्टँड.

जानेवारीत गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंकडे तुटकी कमान घेऊन गेले. त्यांनी ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, हे पिलास्टिक शाळेत टिकतच नाही, पट्टी मारून देतो.” लोखंडी पट्टी गोल वाकवली, खाली जड चौकोनी पत्रा, ध्रुवांच्या भोकांतून आरपार सळई, दोन्ही टोकांना आटे पाडून नट आणि रबरी वायसर. कोन मी उभी राहून कोनमापकाने तपासून घेतला आणि मगच टाका मारायला सांगितला. अडीचशे रुपये झाले. सळई आरपार गेल्याने आतला दिवा काढावा लागला. दिवा जाण्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण पडदे नसलेल्या वर्गात दुपारी त्याचा उजेड दिसतच नाही, आणि वीज असेल तेव्हाच तो लागणार. वर्ष संपेपर्यंत सातवीने तो रोज फिरवला, कोन साडेतेवीसला होता तिथेच आहे. नट काढला की गोल मोकळा होऊन पुन्हा चुंबळीवर ठेवता येतो, म्हणून नट घट्ट वेल्ड करू दिला नाही.

घेणाऱ्यांसाठी: दिव्याचे पैसे देऊ नका. बिनदिव्याचा, धातूच्या कमानीचा गोल कमी किमतीत मिळत असेल तर तोच घ्या. दुकानात घेत असाल तर कोनमापक सोबत न्या, दुकानदार काही म्हणो, आणि कमान हाताने हलवून पाहा. भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे आहे का ते सर्वांत आधी तपासा. नकाशा किती जुना आहे ते ओळखायला आफ्रिका पाहा: दक्षिण सुदान २०११ साली वेगळा झाला, स्वाझीलँडचं नाव २०१८ साली एस्वातिनी झालं. माझ्या गोलावर पहिला आहे, दुसरं जुनंच आहे. सगळी नावं इंग्रजीत आहेत, मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी महत्त्वाच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या.

गोलाला चार तारे, स्टँडला शून्य, विक्रीनंतरच्या सेवेला शून्य. ज्यांच्याकडे हाच गोल आधीपासून आहे त्यांनी आटे जायची वाट पाहू नये. खालचा स्क्रू आत्ताच काढा, भोक आरपार पाडून घ्या, लांब बोल्ट, दोन वायसर आणि नट लावा. सामान हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मिळतं, दिवाही शाबूत राहतो.